चारीच्या कडेला, कोडगूला निघण्याआधी

जरा टेका.

मोबाईल पालथा ठेवा. त्यात कोडगूचे फोटो आहेत, आपण ज्याला कुर्ग म्हणतो त्या जिल्ह्याचे. ढगात बुडालेले डोंगर, कॉफीचे मळे, धबधबे. पहिल्यांदाच जायचंय. बघून बघून डोळे थकलेत.

राहू द्या ते सगळं.

तुम्ही लासुर्ण्यात आहात. बारामती–इंदापूर रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या बांधावर. कालव्याला आवर्तन सुटलंय. चारीला पाणी आहे.

बसा. चपला काढा. पाय मातीला लागू द्या.

एक श्वास आत. सावकाश.

एक श्वास बाहेर. आणखी सावकाश.

*

पाण्याकडे बघा.

नुसतं पाण्याकडे.

गढूळ आहे. रुंदी हातभर. उसाचं एक वाळलेलं पान तरंगत येतंय. दाऱ्यापाशी अडकतं, गोल फिरतं, सुटतं, पुढे जातं.

पानाच्या मागे जाऊ नका. पाण्यापाशी थांबा.

आता ऐका. दारं मोडलंय तिथे खळखळ आहे. सरीत शिरल्यावर आवाज बुजतो. कोरडी माती पाणी पिते, बारीक बुडबुडे येतात. कान खाली नेला तर तेही ऐकू येतं.

ऐका.

मनात प्रश्न येतात. गाडी न्यायची की रेल्वेने जायचं? मडिकेरीत उतरायचं की एखाद्या मळ्यात? मागे गुरांचं कोण बघणार? ऊसतोडीची टोळी नेमकी तेव्हाच आली तर?

येऊ द्या. उत्तर देऊ नका.

प्रश्न येतो, जातो. पाणी चालू आहे.

*

हे पाणी कुठून येतं?

डोळे मिटा. चारीवरून उलटं चला. चारीतून फाट्यावर, फाट्यावरून मोठ्या कालव्यावर. हा नीरेचा डावा कालवा. त्याच्या काठाने पश्चिमेला चला. बारामती मागे पडते. पुढे वीर धरण. तिथून पाणी या कालव्यात येतं.

थांबा. एक श्वास.

अजून मागे. भोरजवळ भाटघर. वेळवंडी नदीवरची दगडी भिंत, १९२८ साली पूर्ण झालेली. भिंतीच्या मागे येसाजी कंक जलाशय. डोंगरांच्या खाचांमध्ये आत आत शिरलेलं पाणी.

अजून मागे. आता धरण नाही, ओढा आहे. मग ओढाही नाही. काळा कातळ आहे, कारवीचं पान आहे. पानावर पाऊस.

एक थेंब.

त्या थेंबापाशी थांबा. जितका वेळ थांबता येईल तितका.

इंदापूर तालुक्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कधी तेवढाही नाही. ढग आपल्या डोक्यावरून नुसते जातात. आपला पाऊस तिकडे डोंगरात पडतो आणि चालत आपल्यापर्यंत येतो.

तो आत्ता तुमच्या पायाशी आहे.

हात बुडवा. गार लागतं. बोटांमधून जाऊ द्या.

*

डोंगर सोडू नका. त्याच माथ्यावर उभे राहा आणि तोंड दक्षिणेला करा.

हा सह्याद्री. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे १,६०० किलोमीटर. कडेकडेने चला. घाई नाही.

महाबळेश्वर.

कोयना.

आंबोली. इथे थोडं थांबा, धुकं जाऊ द्या.

मग कर्नाटक. शरावती नदी जोगच्या कड्यावरून खाली पडते. तिचा आवाज दुरूनच ऐका. पुढे कुद्रेमुख.

आणि मग कोडगू.

डोंगर तोच आहे. फक्त तुम्ही त्याच्या पाठीवरून पुढे आलात.

*

इथेही एका थेंबापाशी बसू या.

डोंगराचं नाव ब्रह्मगिरी. त्र्यंबकला गोदावरी ज्या डोंगरात उगम पावते, त्याचंही नाव हेच. उतारावर तलकावेरी. कावेरी इथे उगम पावते.

नदी शोधू नका. वाहणारी नदी इथे दिसत नाही. एक लहानसं कुंड आहे. पाणी इथून जमिनीखाली जातं आणि खाली पुन्हा वर येतं, असं तिथले लोक मानतात. दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला, तुळा संक्रांतीला, लोक या कुंडाभोवती जमतात. पाणी उसळण्याची वाट बघतात.

हजारो माणसं. नजर एका कुंडावर.

तुम्हीही बघा. काही घडायला हवं असं नाही.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

डोंगराच्या पायथ्याशी भागमंडल आहे. तिथे कावेरीला कन्निके नदी मिळते आणि तिसरी सुज्योती, डोळ्यांना न दिसणारी. संगमावर देऊळ आहे. तुमच्या तालुक्याच्या टोकालाही संगम आहे. नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते आणि काठावर लक्ष्मीनरसिंह उभा आहे.

नीरा आणि कावेरी ज्या डोंगरात निघतात, तिथून अरबी समुद्र जवळ आहे. दोघी त्याच्याकडे पाठ करतात. नीरा पूर्वेला जाते, भीमेतून, मग कृष्णेतून. कावेरी पूर्वेला जाते, तमिळनाडूत पूमपुहारपर्यंत.

शेवटी दोघींचं पाणी बंगालच्या उपसागरात.

हे समजून घ्यायची घाई करू नका. नुसतं मनात राहू द्या.

*

आता चालू या. मळ्यात.

कोडगूत कॉफीवर सावली राखतात. वर उंच झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली कॉफीची झुडपं. ऊन गाळून गाळून खाली येतं.

लासुर्ण्याचं ऊन सरळ डोक्यावर पडतं. हे ऊन वेगळं आहे. चेहऱ्यावर घ्या.

वास घ्या. ओली माती. कुजलेला पाला. मार्च-एप्रिलात वळवाची सर येते आणि आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो. फुलांना जाईसारखा वास. फुलं थोडे दिवस राहतात, गळून जातात.

डिसेंबर ते फेब्रुवारीत फळं लाल होतात. बायामाणसं कमरेला पिशवी बांधून ती तोडतात. त्याच महिन्यांत इकडे भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं चालू असतं आणि रस्त्याने उसाच्या गाड्या जातात.

तिथे तोडणी. इथे तोडणी.

तिथले हात बघा. मग आपले हात बघा.

*

पुढे एक रान आहे. कुंपण नाही, तरी कुणी फांदी तोडत नाही. तिथे त्याला देवरकाडू म्हणतात. आपल्या मावळात आणि कोकणात देवराया आहेत, तसंच. कोडगूत अशी हजाराहून अधिक रानं आहेत.

आत पाऊल टाकू नका. कडेला उभे राहा.

रानातून येणारी हवा गार आहे. एक पक्षी ओरडतो, थांबतो.

काही मागू नका. फोटो काढू नका. उभे राहा.

*

आणखी एका जागी उभं राहायचं आहे. तिथे बोलायचं नाही.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण.

ऑगस्ट २०१८. कोडगू.

३० जुलै २०२४. वायनाड, कोडगूला लागून असलेला जिल्हा.

पाऊस थांबत नाही. उतार सुटतो. खाली घरं आहेत.

मान खाली घाला.

हा डोंगर फोटोपुरता हिरवा नाही. त्याच्यावर माणसं राहतात, झोपतात, पाऊस वाढला की जागी राहतात.

त्यांच्यासाठी एक श्वास.

*

आता परत या. बांधावर.

पलीकडच्या बारामती–इंदापूर रस्त्याने दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. सणसरचा मुक्काम उठतो, बेलवाडीला रिंगण होतं, मग लासुर्ण्यावरून दिंड्या अंथुर्ण्याकडे निघतात.

दारात आलेला वारकरी आठवा. तो कसा उभा राहतो ते बघा.

पायांवर धूळ आहे. पाणी मागतो. तांब्या दोन्ही हातांनी घेतो. जेवढं हवं तेवढंच पितो. तांब्या परत देतो, “माउली” म्हणतो, निघतो.

तुम्ही पाणी देणारे आहात. वर्षानुवर्षं.

आता कोडगूच्या एखाद्या दारात तुम्ही उभे आहात. ओटा अनोळखी, भाषा अनोळखी. कुणीतरी आतून पेला आणतं. घरच्या बागेतली कॉफी.

दोन्ही हातांनी घ्या.

*

डोळे उघडा. चारी वाहते आहे.

आता बेत ठरवायला हरकत नाही.

जून ते सप्टेंबर सोडा. मडिकेरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या महिन्यांत. ऑक्टोबर ते मार्च बरा काळ. तुळा संक्रांत गाठायची तर गर्दीची तयारी ठेवा. कोडगूत रेल्वे नाही. मैसूरपर्यंत रेल्वे, पुढे सुमारे १२० किलोमीटर बस. तो रस्ता खिडकीशी बसून बघा, झोपू नका. पाच ठिकाणं धरण्यापेक्षा दोन धरा आणि तिथे थांबा. पाणी जपून वापरा. प्लॅस्टिक बरोबर परत आणा. देवरकाडूत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

आणि तिकीट काढण्याआधी एक दिवस भाटघरला द्या. ज्या डोंगराच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, तो आपल्यातल्या कितीतरी जणांनी जवळून पाहिलेला नाही. लासुर्ण्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत येता येतं.