सब्र म्हणजे सोसत बसणे नव्हे

मन उदास होणे हे ईमान कमकुवत असल्याचे लक्षण आहे काय? हा प्रश्न आपल्या समाजात कोणी उघडपणे विचारत नाही. उत्तर मात्र सर्वांना ठाऊक असल्यासारखे आपण वागतो. घरातली सून म्हणते, ‘‘दिल घबरा रहा है.’’ लगेच चार बाजूंनी सांगितले जाते, ‘‘सब्र करो, अल्लाह पे भरोसा रखो.’’ सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्या सुरात दिला जातो, त्या सुरात एक आरोप दडलेला असतो : तुझा भरोसा कमी पडला म्हणून तू रडतेस. म्हणजे दुःख एक होते, ते दोन झाले. आधी मन जड होते, आता मन जड असल्याची शरमही आली.

मी हातकणंगले येथे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पालकसभा संपली की काही आया रेंगाळतात. मुलाच्या गुणांबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतात. कोणाचा नवरा इचलकरंजीला मागावर बारा-बारा तासांची पाळी करतो, कोणाच्या डोक्यावर बचत गटाचा हप्ता आहे, कोणाच्या घरी सासू अंथरुणाला खिळली आहे. एकीने मला विचारले होते, ‘‘टीचर, हल्ली कशातच मन लागत नाही. हे गुनाह तर नाही ना?’’ हा प्रश्न साधा नाही. त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच शोधले पाहिजे, कारण भीती तिच्याच नावाने घातली जाते.

कुरआनमध्ये हजरत याकूब (अ.) यांची कथा आहे. मुलाच्या वियोगात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. ते पैगंबर होते. आणि ज्या सब्राचा दाखला आपण देतो, तो ‘सब्रे जमील’ हा शब्द त्यांच्याच तोंडी आला आहे. म्हणजे सब्र आणि अश्रू एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब यांचे निधन झाले, ते वर्ष इतिहासात ‘आमुल हुज्न’ म्हणजे दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा ते सर्वांसमोर रडले आणि या अश्रूंना त्यांनी दयेचे नाव दिले. मग आपण कोणत्या अधिकाराने दुसऱ्याचे अश्रू ईमानाच्या तराजूत तोलतो?

याहून बोलका प्रसंग हजरत मरयम (अ.) यांचा आहे. प्रसूतीच्या कळा, एकटेपण आणि लोक काय म्हणतील ही धास्ती. खजुराच्या बुंध्याला टेकून त्या म्हणतात की याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते. त्यावर त्यांना दरडावले जात नाही. दुःख करू नकोस, असे सांगून पायाखालचा झरा दाखवला जातो. झाडाचा बुंधा हलव, ताजे खजूर पडतील ते खा, पाणी पी, आणि कोणी काही विचारलेच तर आज बोलणार नाही असे कळव. विचार करण्यासारखी गोष्ट ही की इतक्या मोठ्या संकटात दिलेले उपाय किती लहान आहेत! पाणी, खाणे, हाताला जमेल एवढे काम आणि लोकांच्या तोंडापासून थोडी सुटका. खजूर आपोआप ओंजळीत पडू शकले असते. पण बुंधा हलवायला सांगितले गेले. असहाय माणसाला आपल्या हाताने काही घडते हे दिसणे, हाच उपायाचा अर्धा भाग असावा.

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा अभ्यासही केला होता. बल्खचे अबू जैद अल्-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, कारण एक बिघडले की दुसरे बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. उदासी दोन प्रकारची असते, असे ते सांगतात. एकीचे कारण माणसाला माहीत असते. दुसरी विनाकारण दाटून येते आणि तिचे मूळ शरीरात असते. औषध जसे आजारपणाआधीच घरात ठेवतात, तसे धीर देणारे विचार मन शांत असतानाच साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला आजही उपयोगी आहे.

आता आजचे विज्ञान काय म्हणते ते पाहू. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या शेजारच्या गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबरच सहा ते आठ वेळा भेटी मिळाल्या. भेटणारे लोक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली तिथलीच सामान्य माणसे होती. पद्धत सोपी होती : उदासीमुळे सुटलेली कामे ओळखायची आणि बरे वाटण्याची वाट न पाहता एकेक लहान काम पुन्हा सुरू करायचे. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जणांचे नैराश्य बऱ्यापैकी उतरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ होते. मन बरे झाले की काम करू, असे आपण म्हणतो. खरे तर काम हलले की मनही हलते. वारणा-पंचगंगेच्या महापुरात आपल्या तालुक्यानेही हे पाहिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी ओसरल्यावर घरी परतलेल्या माणसांचे मन जागेवर नव्हते; तरी आधी हातात खराटा घेतला गेला, चिखल निघाला, चूल पेटली आणि मग कोणीतरी हसले.

म्हणून जीव मेटाकुटीला आला की काही साध्या गोष्टी निःशंक कराव्यात. आधी पाणी प्यावे, दोन घास खावेत, झोप राहिली असेल तर झोपावे. उपाशी आणि जागरणाने थकलेल्या डोक्याला सारे जगच काळे दिसते. वजू करताना घाई करू नये. गार पाण्याचा हात चेहऱ्यावरून निवांत फिरू द्यावा. फजरनंतर आळत्याच्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे चालून यावे. बाहेर जाणे शक्य नसेल तर गच्चीवर, अंगणात उन्हाला उभे राहावे. डोंगराएवढी कामे समोर असतील तर त्यातले एकच, दहा मिनिटांत संपणारे काम उचलावे : तांदूळ निवडणे, एक सदरा इस्त्री करणे, पाच वह्या तपासणे. काळजी आणि दुःख वेगळे करावेत. ‘हम’ म्हणजे उद्याची चिंता, ‘हज्न’ म्हणजे झाल्या गोष्टीचे दुःख. कागदावर दोन रकाने आखून, आज आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे लिहिले की अर्धा गुंता दिसू लागतो. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि विश्वासाच्या एका तरी माणसाजवळ बोलावे.

यात तवक्कुलला बाधा कुठे येते? उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. मनाच्या बाबतीतच तिचा विसर का पडावा?

पण इथेच एक धोका आहे. साधे उपाय सांगणे फार सोयीचे असते. मागावरच्या कामगाराला फिरून ये म्हणावे, आणि बारा तास उभे राहिलेल्या त्याच्या पायांविषयी बोलू नये. सुनेला दोन घास खाऊन घे म्हणावे, आणि सगळ्यांची ताटे वाढून झाल्यावर तिच्यासाठी काय उरते ते पाहू नये. अशा वेळी उपाय हे सुद्धा गप्प बसवण्याचे साधन बनते. पैगंबर (स.) यांनी केलेली एक दुआ बुखारी शरीफमध्ये आहे. तीत चिंता आणि दुःख यांच्यापासून जसा आश्रय मागितला आहे, तसाच कर्जाच्या ओझ्यापासून आणि माणसांच्या दडपशाहीपासूनही. एकाच दुआत हे सारे एकत्र येते. ज्या उदासीचे मूळ कर्जात किंवा जुलमात आहे, तिच्यावर नुसते पाणी शिंपडून भागणार नाही. ओझे वाटून घ्यावे लागेल.

तसेच काही उदासी ही आजारच असते. दोन-दोन आठवडे मन उठत नसेल, झोप-जेवण उडाले असेल, जीव देण्याचे विचार येत असतील, तर दुआबरोबर डॉक्टरही हवा. उपचार घ्या, प्रत्येक आजाराला इलाज आहे, ही पैगंबरांचीच शिकवण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहिला तर मशिदीची शान कमी होणार नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांच्याविषयी एक हदीस आहे. घरात मयत झाल्यावर जमलेल्या बायका निघून गेल्या आणि घरचीच माणसे उरली की त्या जवाची पातळ खीर, तल्बीना, शिजवायला सांगत. ती आजाऱ्याच्या मनाला आराम देते आणि दुःखाचा काही भाग नेते, असे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. सगळे दुःख नव्हे, काही भाग; इस्लामने एवढाच प्रामाणिक दावा केला आहे. आणि हे भांडे सांत्वनाला आलेली गर्दी पांगल्यावर चुलीवर चढत असे. आपल्या मोहल्ल्यात चाळिसावा होईपर्यंत माणसांची रीघ असते. एकेचाळिसाव्या दिवशी त्या घरी कोण जाते? सब्राचा उपदेश करायला जीभ पुरते. दुसऱ्याला सब्र करणे शक्य व्हावे म्हणून त्याच्या घरी भांडे घेऊन जायला मात्र पाय उचलावे लागतात.