आधी कान, मग डोळे

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. काही भिक्खू लांबवलेल्या गाण्याच्या सुरात धम्म म्हणू लागले. लोकांनी नावं ठेवली, तेव्हा बुद्धांनी तसं गाण्याचे पाच दोष सांगितले. त्यातले पहिले दोन मला छळतात: गाणारा स्वतःच सुरावर भाळतो, आणि ऐकणाराही सुरावरच भाळतो. मी उत्तर नागपुरात, इंदोऱ्यात वाढले. माझ्यापर्यंत धम्म आला तो कव्वालीच्या ठेक्यावर. मग तो उणा आला का?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्धावरचा ग्रंथ छापून झालेला नव्हता. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 मध्ये इंग्रजीत आला. माझ्या आजीसारख्या विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत तो कसा पोचणार? तिच्यापर्यंत बुद्ध-भीमाची गाणी पोचली.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेली की आजी गाण्यांची पातळ पुस्तकं आणायची. तिला वाचता येत नव्हतं, गाणी मात्र सगळी पाठ. मांडीवर सूप घेऊन ती गात बसे आणि मी ओळींवर बोट फिरवत तिच्या मागं जाई. पुढं कुठला शब्द येणार हे कानाला ठाऊक असे. डोळ्यांनी तो फक्त हुडकायचा. ‘प्रज्ञा’तली दोन्ही जोडाक्षरं मला शाळेच्या पुस्तकाआधी तिथं भेटली. एकदा छापलेली ओळ आजीच्या ओळीहून निराळी निघाली. मी म्हटलं, “आजी, इथं असं नाहीये.” तिचा हात थांबला. “मंग का लिवलं हाये? वाच बरं.” मी वाचलं. ती ठामपणे म्हणाली, छापणारा चुकला. मग आमचं भांडण जुंपलं, आणि कुठल्या ओळीला अर्थ लागतो यावर येऊन ठेपलं.

बुद्धांनी कालाम लोकांना सांगितलं होतं की परंपरेनं कानावर आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणूनही मानू नका. त्या दुपारी मी पहिलं नाकारत होते आणि आजी दुसरं. गाण्याच्या पुस्तकाशिवाय हे आमच्या घरात घडलं नसतं.

भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक यांनाही मुंबईत आले तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं ते मोठेपणी शिकले. 1943 मध्ये त्यांनी पहिलं गीत रचलं, तेही सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. चाल बाजारातली असली म्हणून शब्द हलके होत नाहीत.

तरी बुद्धांचा इशारा मी सोडून देणार नाही. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असा दणाणतो की एक शब्द कळत नाही; छाती हादरते, पोरं नाचतात. तिथं ते दोष शंभर टक्के लागू आहेत. पण चुल्लवग्गात त्याच ठिकाणी पुढं बुद्धांनी सरभञ्ञाला, म्हणजे सुरातल्या पठणाला, परवानगी दिली आहे. त्यांचा आक्षेप सुराला नसून शब्द बुडण्याला होता, असं मी त्यावरून समजते.

दीक्षाभूमीच्या स्टॉलवर जाड खंडांशेजारी गाण्यांची ही पातळ पुस्तकं अजून मांडलेली असतात. आमच्यातलीच शिकलेली माणसं ती बघून नाक मुरडतात, याचा मला मनापासून राग येतो. ज्या पोराला घरी वाचून दाखवणारं कुणी नाही, त्याच्या हाती आधी हेच द्या. गाणं त्याला पाठ असतंच.