विचारल्याशिवाय दोष सांगावा का?

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह क्वाड बाईक विकताना तिच्यातला दोष समोरच्याने न विचारताही सांगायचा का, हा प्रश्न वरवर बाजारातला दिसतो. पण नीतिशास्त्राला तो फार जुना आहे. इ.स.पू. ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यांवरच्या आपल्या ग्रंथात तो धान्याच्या निमित्ताने मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. स्टोइक पंथातला बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगावेत. बाकी न बोलणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य टार्ससचा अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्यालाही कळलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याकडे झुकतो.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मेंढ्या-गुरांच्या फार्मवर क्वाड बाईक रोजच्या कामाची. सारख्या वयाच्या, सारख्या किमतीच्या दोन गाड्या समोर असल्या तर घेणारा बरेच काही स्वतः पाहू शकतो. गुडघ्यावर बसले की पुढच्या ॲक्सलवरचा फाटका रबरी बूट आणि त्यातून उडालेले ग्रीस दिसते. चाक धरून हलवले की बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा प्ले हाताला लागतो. डिफरन्शियलमधले ऑइल मात्र बोल्ट काढल्याशिवाय दिसत नाही. आत पाणी शिरले असेल तर ते दुधाळ झालेले असते, आणि परक्याच्या दारात बोल्ट काढायला सहसा कोणी धजत नाही. गाडी एकदा उलटली होती, चासीला तडा गेला, वेल्डिंग करून वर रंग मारला, हे तर विकणाऱ्याशिवाय कोण सांगणार?

कर्तव्याची रेघ इथेच ओढावी लागते. डोळ्यांना दिसणारा दोष पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकण्यात अन्याय नाही. जो दोष साध्या तपासणीत सापडूच शकत नाही, तो सांगणे विकणाऱ्याकडे येते.

कायदा याहून कमी मागतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये घोड्याचे उदाहरण आहे. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र बोलणे त्याच्यावर बंधनकारक होते. लेकीला जे सांगितले असते ते परक्याला का सांगू नये, याचे समाधानकारक उत्तर नीतीला सापडत नाही. मनुस्मृतीने वेगळी वाट काढली: सौद्याचा पस्तावा झालेल्याला दहा दिवसांत तो फिरवता येतो. सोय चांगली, पण तडा गेलेली चासी दहा दिवसांत मोडेलच असे नाही.

डायोजेनीसची बाजू धान्याच्या भावापुरती समजण्यासारखी आहे, कारण तिथले नुकसान पैशाचे. क्वाड बाईक उलटून माणसे मरतात. शिवाय पैसे मोजणारा एक आणि चालवणारा दुसरा, असे फार्मवर नेहमीच होते. ‘आहे तशी घेतली’ असे मालक म्हणाला, तरी त्याच्या गड्याने ते म्हटलेले नसते. ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या आणि बाहेरून आयात केलेल्या जुन्या क्वाड बाईकला, ती उलटल्यास चालक चिरडू नये म्हणून संरक्षक चौकट सक्तीची झाली. देशात आधीपासून फिरणाऱ्या गाड्या हातोहात विकल्या जातात तेव्हा हे मानक लागू होत नाही. तिथे सगळी भिस्त विकणाऱ्याच्या शब्दावर.

गाडी तीन-चार हात फिरून आली असेल, तर विकणाऱ्यालाही सारे ठाऊक नसते. अँटिपेटरची कसोटी त्याच्याकडून सर्वज्ञता मागत नाही. चासी खालून पाहिलेली नाही, डिफरन्शियल उघडलेले नाही, आधीच्या मालकाने ती कशी वापरली ते माहीत नाही, एवढे त्याने आपणहून सांगितले की त्याचे काम झाले. मग बोल्ट काढून पाहायचा, किंमत पाडून मागायची, की शेजारची दुसरी गाडी घ्यायची, हे घेणाऱ्याने ठरवायचे.