दक्षिणा राहून गेलेला यज्ञ (गीता 17.11 ते 13)



आज सतराव्या अध्यायातले तीन श्लोक एकत्र घेतेय. पोस्ट उशिरा येतेय आणि लांबही झालीय, तेव्हा चहा घेऊन बसा.

खरं सांगायचं तर हे तीन श्लोक मी दरवर्षी उरकून टाकते. सात्त्विक यज्ञ, राजस यज्ञ, तामस यज्ञ. परीक्षेला पाठ केल्यासारखं. यंदा मात्र तेराव्या श्लोकातल्या दोन शब्दांशी अडकले ते तीन दिवस पुढे सरकताच येईना.

आधी अर्थ बघू. फळाची आशा न धरता, करायला हवा म्हणून, मन लावून केलेला यज्ञ सात्त्विक. फळासाठी किंवा लोकांनी बघावं म्हणून केलेला तो राजस. आणि तामस कुठला? ज्यात विधी नाही, मंत्र नाही, श्रद्धा नाही. इथपर्यंत आपल्याला अपेक्षितच असतं. पण भगवंत त्याच यादीत आणखी दोन गोष्टी घालतात: 'असृष्टान्न' आणि 'अदक्षिण'. म्हणजे ज्यात लोकांना अन्न वाटलं गेलं नाही, आणि ज्यांनी यज्ञ उभा केला त्यांना दक्षिणा मिळाली नाही. मंत्र राहिला आणि मजुरी राहिली, हे दोन्ही दोष एकाच श्लोकात, एकाच रांगेत!

आता माझी गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये की मी पोटापाण्यासाठी स्टेज लाइटिंग करते. नाटकं, कॉन्सर्ट, आणि अलीकडे जास्त करून सरकारी महोत्सव. कोविड ओसरल्यावर एका जिल्ह्यात पाच रात्रींचा सांस्कृतिक महोत्सव होता, त्याचे लाइट्स माझ्याकडे आले. मोठं मैदान, दोन ट्रक भरून मूव्हिंग हेड्स, तीन जनरेटर. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर आलेलं पहिलं मोठं काम. निम्मे पैसे आगाऊ मिळाले, त्यातून मी थकलेले ईएमआय भरले.

त्याच जिल्ह्यात माझी आत्या राहते. सरकारी रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा ब्रेक, परत अकरा महिने. कोविडच्या दोन्ही लाटा तिने वॉर्डात काढल्या. मग एका महिन्यात ऑर्डर आलीच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, निधी नाही. शेवटच्या दोन महिन्यांचा पगारही अडकला. तिला कुणी 'काढलं' नाही हं. कंत्राटी माणसाला काढावं लागतच नाही, फक्त पुढचा कागद निघत नाही. म्हणून अशा माणसांचा आकडा कपातीत कधी दिसत नाही.

महोत्सवाच्या तिसऱ्या रात्री 'कोविड योद्ध्यांना मानवंदना' असा भाग होता. पांढऱ्या गणवेशातल्या चाळीस मुली हातात दिवे घेऊन नाचत होत्या. आमच्या दिग्दर्शकांनी मला मोबाइलवर एक क्लिप दाखवून सांगितलेलं, "मॅडम, लंडनसारखं करा." मी केलं. वरून निळा, बाजूने पांढरा, शेवटी सगळं अंधारून फक्त दिवे. लोक उभे राहिले. आत्या माझ्याच पासवर चौथ्या रांगेत बसलेली होती. माझी बोटं बोर्डवर होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

ती क्लिप आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. 27 जुलै 2012, लंडन ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा. दिग्दर्शक डॅनी बॉइल, 'स्लमडॉग मिलेनियर'वाले. त्यात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे एनएचएसवर, एक अख्खा भाग आहे. दवाखान्याच्या खाटा मैदानात येतात, त्यावर मुलं उड्या मारतात आणि भोवती नर्सेस नाचतात. नाचणाऱ्यांत एनएचएसमध्ये नोकरी करणारी खरीखुरी माणसं होती, आणि ती स्वयंसेवक म्हणून आली होती, बिनपगारी.

आता त्याच्या आजूबाजूचं बघा. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथल्या सरकारने चार वर्षांची खर्चकपात जाहीर केली, सुमारे 8,100 कोटी पौंडांची. त्यातून सरकारी क्षेत्रातल्या जवळपास 4 लाख 90 हजार नोकऱ्या जातील असा तेव्हाचा अधिकृत अंदाज होता. वर्षाला 21 हजार पौंडांहून जास्त पगार असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची पगारवाढ दोन वर्षं गोठवलेली. आणि डिसेंबर 2011 मध्ये ऑलिंपिक-पॅरालिंपिकच्या चार सोहळ्यांचं बजेट वाढवून जवळजवळ दुप्पट केलं, 4 कोटींवरून 8.1 कोटी पौंड.

इथे लगेच "बंद करा हे तमाशे, तोच पैसा पगाराला द्या" असं म्हणावंसं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण जरा हिशोब करून बघा. 8.1 कोटी आणि 8,100 कोटी. सगळे सोहळे रद्द केले असते तरी कपातीचा हजारावा भाग वाचला असता, तोही एकदाच. नर्सचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, वर्षानुवर्षं. एका रात्रीच्या पैशात ती नोकरी टिकत नाही. हे मला कबूल करावंच लागतं, नाहीतर माझा राग खोटा ठरेल.

आणि दुसरं. माझ्या महोत्सवात वाघ्या-मुरळी होते, शाहीर होते, सोंगी भजनाचं एक पथक होतं. दोन वर्षं जत्रा बंद. त्यातल्या एका ढोलकीवाल्या काकांनी ढोलकी गहाण टाकायची वेळ आली होती असं सांगितलं. त्यांच्यासाठी तो महोत्सव म्हणजे घरात आलेलं धान्य होतं. कलेवरचा खर्च म्हणजे उधळपट्टी असं त्यांच्यासमोर उभं राहून मला म्हणता येणार नाही. लंडनमध्येही तेच. ज्या कपातीत नोकऱ्या गेल्या, त्याच कपातीत इंग्लंडच्या कला परिषदेचं अनुदान जवळपास 30 टक्क्यांनी कापलं गेलं, आणि 2011 च्या मार्चमध्ये अर्ज केलेल्या दोनशेहून अधिक संस्थांना नियमित मदत नाकारली गेली. नर्स आणि कलाकार एकाच सुरीखाली होते. वाचली ती एक झगमगती रात्र, कारण ती जगाला दिसणार होती.

बाराव्या श्लोकातला 'दंभ' हाच ना? जे दिसतं त्याला तूप, जे रोज गुपचूप चालतं त्याला निधी नाही.

पण मी सारखी तेराव्याकडेच परत येते. अठराव्या अध्यायात भगवंत स्पष्ट सांगतात की यज्ञ, दान, तप सोडायचे नाहीत. म्हणजे उत्सव करू नका असं गीता म्हणत नाही. यज्ञ मोठा होता का, तूप किती जळलं, हेही ती विचारत नाही. ती अगदी घरगुती चौकशी करते: लोक जेवले का? आणि काम करणाऱ्यांची दक्षिणा दिली का?

त्या रात्री शो संपल्यावर आत्याकडेच जेवायला गेले. ती काही बोलली नाही. पिठलं केलं होतं, वाढलं. मग मी ती लंडनची क्लिप तिला दाखवली. का दाखवली, माहीत नाही. बहुतेक स्वतःची सफाई द्यायची होती, की बघ, जगभर असंच करतात. तिने पूर्ण बघितली. नर्सेस नाचताना बघून हसलीसुद्धा. खाटेच्या चाकांचा ब्रेक लावला नाही म्हणून एकदा "अगं अगं" म्हणाली. मग विचारलं, "यांना पगार वेळेवर होत असेल ना?"

मी म्हटलं, होत होता बहुतेक, वाढ थांबलेली.

"मग नाचू दे की."

निघताना मी तिच्या हातात पाकीट ठेवलं. माझ्या आगाऊ पैशांतले वीस हजार. तिने ते परत माझ्या बॅगेत घातलं. "बाळा, मला तुझे पैसे नकोत. माझे हवेत."

तिचं हे वाक्य मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि यंदा तेराव्या श्लोकापाशी कळलं. मी तिला दान देत होते. तिची थकली होती दक्षिणा. दान देणाऱ्याच्या मनावर असतं, आणि घेणाऱ्याला थोडं वाकावं लागतं. दक्षिणा कामाचं देणं आहे, ती मागताना मान खाली घालायची गरज नाही. सतराव्या अध्यायातच दानाचे तीन प्रकार वेगळे, पुढे, विसाव्या श्लोकापासून येतात. दक्षिणा तिथे नाही, ती इथे यज्ञातच धरलेली आहे. ती राहिली की यज्ञच बिघडला. नंतर कुणी कितीही दान केलं, टाळ्या वाजवल्या, मानवंदना दिली, तरी ते खातं वेगळं.

दामाजीपंतांची गोष्ट आठवा. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं उघडली, लोक जगले. आपण नेहमी इथेच थांबतो आणि डोळे पुसतो. पण कथा पुढे आहे. विठ्ठल स्वतः महाराच्या वेशात बिदरला जातो, धान्याची किंमत चुकती करतो आणि पावती घेतो. पावती! देवालाही असं वाटलं नाही की पुण्याचं काम झालं, आता हिशोब कशाला. लोक जेवलेही पाहिजेत आणि ज्याचं देणं त्याला पोचलंही पाहिजे.

सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या राज्यात नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी पदं कंत्राटी भरायचा निर्णय निघाला होता. मुलामुलींनी आवाज उठवला, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. तेव्हा मी स्टोरी टाकली होती, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शेअर केली. आवाज उठवणं मला जमतं, म्हणजे फोनवर जमतं. बोर्डवर बोटं असताना, समोर चाळीस खोट्या नर्सेस आणि चौथ्या रांगेत एक खरी, तेव्हा मी क्यू दिला आणि गप्प बसले. माझी दक्षिणा मिळाली होती ना. यजमानाचा यज्ञ तामस असेल तर त्यात दक्षिणा घेऊन आहुती टाकणाऱ्याचं काय होतं? श्लोक ते सांगत नाही. मी टीका चाळल्या, मला तरी सापडलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.

आत्या आता एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते, बारा तासांची. थकलेल्या दोनपैकी एका महिन्याचा पगार चौदा महिन्यांनी जमा झाला. दुसऱ्याचा अजून नाही.

आणि गेल्या आठवड्यात त्याच महोत्सवाच्या आयोजकांचा फोन आला. पुन्हा पाच रात्री, पैसे आधीपेक्षा बरे. मी विचारलं, "तुमच्याकडे जनरेटरवाले, खुर्च्या लावणारे, झाडूवाल्या मावश्या, यांचे पैसे कधी देता?" पलीकडे जरा शांतता. मग, "मॅडम, तुम्ही लाइट्सचं बघा ना." मी म्हटलं, त्यांची तारीख लिहून पाठवा, मग बघते. अजून काही आलेलं नाही. सोमवारी उत्तर द्यायचंय.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आला कागद तर कर. आणि पास दे मला, पण पुढच्या रांगेतला. मागून काही दिसत नाही."

उद्या श्लोक 14, शारीरिक तप. सकाळी सातला.

रामकृष्ण हरी.