मालकी आणि देणे : दोन इंग्रजी शब्दांचा विचार

इंग्रजीतील 'ओन' आणि 'ओ' ही दोन क्रियापदे शाळेतील मुलांस नेहमी गोंधळात टाकतात. लिहिताना पहिली दोन अक्षरे तीच. शेवटी एकात 'एन' येतो आणि दुसऱ्यात 'ई'. उच्चारातही एका 'न'चाच काय तो फरक. अर्थ मात्र दोन टोकांचे. 'ओन' म्हणजे वस्तू आपल्या मालकीची असणे, आणि 'ओ' म्हणजे दुसऱ्याचे देणे लागणे. हे शब्द इतके सारखे का, आणि त्यांच्या नात्यातून आपणांस काही शिकता येते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम 'ओन' पाहू. घर, जमीन, दुकान यांवर हक्क असणे हा त्याचा रोजचा अर्थ. नामापूर्वी आला की तो 'स्वतःचा' या अर्थी जोर देतो : माझ्या स्वतःच्या हातांनी, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी. 'ऑन माय ओन' म्हटले की एकट्याने, कोणाच्या मदतीवाचून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू स्वकीयांकडे आला असे सांगितले आहे, तेथे इंग्रजी बायबलात हाच शब्द 'आपली माणसे' या अर्थी येतो. यापुढे आणखी दोन अर्थ आहेत. एखाद्या मुलाला आपले म्हणून स्वीकारणे हा एक. त्याच्या उलट 'डिसओन', म्हणजे याच्याशी माझा संबंध नाही असे जाहीर करणे. दुसरा अर्थ कबुलीचा. मुलाने खिडकीची काच फोडली आणि स्वतः पुढे येऊन तसे सांगितले, तर त्याने 'ओन अप' केले असे म्हणतात. जे मी केले ते माझे आहे, असे मान्य करणे म्हणजेही एका प्रकारची मालकीच. आपल्या मराठीतही मूल पदरात घेतात, आणि चूकही ज्याची त्याच्या पदरात घालतात.

आता 'ओ'. दुकानदाराची उधारी, बँकेचे कर्ज, हा पहिला अर्थ. दुसरा उपकाराचा : शिक्षकांमुळे मी घडलो असे सांगताना इंग्रज माणूस हाच शब्द वापरतो. तिसरा कर्तव्याचा : आपण कोणाला खुलासा, क्षमायाचना किंवा मान देणे लागतो, म्हणजे ते त्याला मिळालेच पाहिजे. चौथा केवळ कारणाचा : पावसामुळे सभा रद्द झाली, यातील 'मुळे'साठी 'ओइंग टू' म्हणतात. आणि 'पाहिजे' किंवा 'करावयास हवे' या अर्थाचे जे 'ऑट' हे सहायक क्रियापद आहे, ते मुळात या 'ओ'चेच जुने भूतकाळी रूप होय. म्हणजे इंग्रजीत कर्तव्याचा सर्वांत साधा शब्द देण्यातून निघाला आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की 'ओन' आणि 'ओ' एकाच घराण्यातील आहेत. प्राचीन इंग्रजीत 'आगान' असे क्रियापद होते व त्याचा अर्थ 'जवळ असणे, मालकीचे असणे' असा होता. त्याच्यापासूनच 'ओ' आला, आणि त्याच्याच नात्यातील विशेषणापासून 'ओन'. जवळ असणे या अर्थातून द्यावयाचे असणे हा अर्थ कसा निघाला, हे मराठी माणसाला समजणे कठीण नाही. 'माझ्याकडे शंभर रुपये आहेत' आणि 'मला शंभर रुपये द्यायचे आहेत' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच 'असणे' या क्रियापदावर चालवतो.

कित्येक शतके इंग्रजीत 'ओ' हा शब्द मालकीसाठीही चालत असे. शेक्सपिअरने तो तसा वापरला आहे. १६११ साली निघालेल्या किंग जेम्स बायबलात प्रेषितांची कृत्ये, अध्याय एकविसावा उघडला तर हेच दिसते. कैसरीयात अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधतो, आणि हा कमरबंद ज्याचा आहे त्याला असेच बांधतील असे सांगतो. तेथे 'ज्याचा आहे' यासाठी त्या पहिल्या आवृत्तीत आज देण्याचा समजला जाणारा शब्द छापला होता. लेवीयात घराच्या मालकाविषयी बोलतानाही तोच. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून पुढील आवृत्त्यांत तेथे 'ओन'चे रूप घातले गेले.

व्युत्पत्ती म्हणजे नीतीचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. शब्दांचे अर्थ योगायोगानेही बदलतात. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा प्रश्न उभा केला की, लेखक 'असे आहे' असे सांगता सांगता एकदम 'असे केले पाहिजे' यावर कसे येतात? मधली पायरी कोठे आहे? त्या प्रश्नाला शब्दकोश उत्तर देऊ शकत नाही. पण त्या शब्दात एक सूचना मात्र आहे : 'पाहिजे' हे नुसत्या 'आहे'मधून नव्हे, तर 'मिळाले आहे' यामधून येते. ज्याला काही मिळाले, त्याला काही देणे आले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. 'ओन'चे तीन अर्थ, म्हणजे हक्क, आपलेपणा आणि कबुली, हे एकत्र राहावयास हवेत. माणूस पहिला तेवढा ठेवतो आणि उरलेले दोन टाकून देतो, तेव्हा कोण कोणाचे देणे लागतो याचा हिशेबच त्याच्याकडून उलटा मांडला जातो. हे केवळ शब्दांचे बोलणे नाही. याचे एक खरे उदाहरण मंडळीच्याच इतिहासात आहे.

क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाचा श्रीमंत इंग्रज मळेवाला १७१० साली वारला. बार्बाडोस बेटावरील आपले उसाचे दोन मळे त्याने मृत्युपत्राने लंडनच्या सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल या मिशनरी संस्थेस दिले. ही संस्था १७०१ मध्ये शुभवर्तमानाच्या प्रसारासाठी स्थापन झाली होती. मळ्यांबरोबर त्यांवर राबणारे आफ्रिकी गुलामही तिच्या मालकीचे झाले. सुरुवातीच्या काळात त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जाई. शब्दाच्या पहिल्या अर्थाने ही माणसे संस्थेची होती. दुसऱ्या अर्थाने, म्हणजे आपली माणसे म्हणून, ती कोणाची होती? ज्या सभेत देवाच्या लेकरांविषयी उपदेश होत होते, तिच्याच हिशेबवहीत ही लेकरे मालमत्तेच्या रकान्यात होती.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. सुमारे आठ लाख माणसे त्यामुळे मुक्त व्हावयाची होती. त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ही भरपाई कोणाला? गुलामांना नव्हे, मालकांना. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांवरील ४११ माणसांबद्दल या मिशनरी संस्थेच्या वाट्याला ८,८२३ पौंड आणि काही शिलिंग आले. मुक्त झालेल्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही. उलट १८३८ पर्यंत शिकाऊ मजूर या नावाखाली बहुतेकांना पूर्वीच्याच मालकांकडे राबावे लागले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मजुरीवाचून काम केले, त्यांचे देणे कोणी लागते असे राज्यकर्त्यांच्या मनातही आले नाही. ज्यांनी घेतले, त्यांचेच देणे राज्य लागते असे ठरले.

या भरपाईसाठी सरकारने जे कर्ज काढले, त्याचा शेवटचा अवशेष २०१५ मध्ये फेडला गेला. म्हणजे ज्यांचे पूर्वज गुलाम होते, अशी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही आपल्या करांतून त्या जुन्या मालकांच्या भरपाईचे कर्ज फेडीत होती.

'ओन'चा तिसरा अर्थ, कबुलीचा, यावयास फार वेळ लागला. २००६ च्या फेब्रुवारीत चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली, तेव्हा कॉड्रिंग्टनच्या मळ्यांचा उल्लेख झाला. त्या सोसायटीची वारस असलेल्या संस्थेने २०२३ मध्ये बार्बाडोसमध्ये सुमारे सत्तर लाख पौंडांचे भरपाईचे काम हाती घेण्याचे जाहीर केले. कबुली प्रथम आली आणि देण्याचा विचार तिच्यामागून आला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जो 'हे माझे' म्हणत नाही, त्याला 'हे मी देणे लागतो' असेही म्हणता येत नाही.

येथे दोन आक्षेप निघतील. पहिला असा : जे आज जिवंत आहेत त्यांनी कोणाला गुलाम केले नाही, मग देणे त्यांचे कसे? याला उत्तर आपल्या व्यवहारातच आहे. वडिलांचे शेत मुलाकडे आले तर शेतावरचा बोजाही त्याच्याकडे येतो. बोजा नको असेल तर शेतही सोडावे लागेल. वडिलांच्या पापाबद्दल मुलगा दोषी नाही हे खरे. पण दोष वेगळा आणि देणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वच काही देणे असेल, तर ज्याने उपकार केला तो आपला मालकच होऊन बसेल. हे भय खोटे नाही. आपल्या देशात थोड्याशा उचलीपायी माणसे पिढ्यान् पिढ्या सावकाराच्या वा जमीनदाराच्या दारात बांधली गेली. म्हणूनच १९७६ साली संसदेला वेठबिगारी नष्ट करणारा कायदा करून ती कर्जे रद्द करावी लागली. घरातही 'तुला वाढवले, शिकवले' असे सुनावून मुलांकडून वसुली करणारे असतात. म्हणून पैशाचे देणे आणि उपकाराचे देणे यांतील भेद जपला पाहिजे. पैशाचे देणे धनकोला मागता येते. उपकाराचे देणे ज्याने दिले त्याने मागावयाचे नसते. ते ज्याला मिळाले त्याने ओळखावयाचे असते. ते मागितले गेले की उपकाराची उधारी होते, आणि उधारीची बेडी व्हावयास वेळ लागत नाही.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या लहानशा पत्रात हे दोन्ही शब्द समोरासमोर येतात. अनेसिम हा फिलेमोनाच्या मालकीचा दास. पौल त्याला परत पाठवितो, पण दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार असे सांगतो. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आणि जाता जाता फिलेमोनाला आठवण करतो की तू तर स्वतःच माझे देणे लागतोस. तो आठवण करतो, वसुली करीत नाही. मालकाला त्याच्या देण्याची जाणीव देणे आणि ऋणकोला बंधू म्हणणे ही दोन्ही कामे त्या एका पानात झाली आहेत.

आता आपल्याविषयी. त्याच सोसायटीचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि कोल्हापूर भागांत आले. आपल्या वाचकांपैकी काहींच्या घराण्यांची मुळे त्या कामात असतील. त्या कामाचा पैसा बार्बाडोसहून आला असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्याकडून आपणांस वचन, शाळा किंवा दवाखाना मिळाला, त्यांच्या इतिहासातील हे पान आपण वाचावे की झाकावे? काहींना वाटते की त्याचा उच्चार करणे म्हणजे कृतघ्नता. आम्हांस तसे वाटत नाही. कृतज्ञ माणसाला उपकारकर्त्याचे सर्व खरे आहे ते ऐकता येते. न ऐकता नुसते गुण गाणारा अजून भीत असतो.

आणि दुसऱ्याचे पान वाचून झाले की आपले उघडावे. मंडळीचे आवार, जुनी इमारत, शाळेचा निधी, घरात पिढीजात चालत आलेली जमीन, आपल्या घरी राबणाऱ्या बाईचा पगार : यांतील प्रत्येक गोष्टीपुढे 'हे माझे' असे लिहिताना त्याच ओळीत 'यात कोणाचे देणे आहे' हा प्रश्नही लिहावा. कधी उत्तर येईल, काही नाही. कधी एखादे नाव येईल. ते नाव आले, तर पुढे काय करावयाचे हे सांगण्यास कोणत्याही शब्दकोशाची गरज पडणार नाही.