बाटलीत खोकला नसतो

पहाटे गोठ्यात एखादी शेळी ठसकली, तर शेळीवाला लगेच उठत नाही. धूळ असेल, चाऱ्यातलं कुसळ घशात अडकलं असेल. पण तीनचार जनावरं एकदम ठसकायला लागली, अंग तापलं, नाकाला चिकट शेंबूड आला, डोळे चिपडांनी बंद झाले, हिरड्यांवर फोड आणि पाठोपाठ हगवण लागली, तर तो डॉक्टरांना फोन लावतो. देऊळघाट गावापलीकडच्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते; त्या उतारांवर शेळ्या घेऊन फिरणाऱ्याला हा आजार पीपीआर म्हणून माहीत असतो, किंवा शेळ्यांची बुळकांडी म्हणून. गुराढोरांच्या जुन्या बुळकांडीचा आणि माणसांच्या गोवराचा याचा विषाणू जवळचा नातेवाईक. 1942 मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो 1987 साली तमिळनाडूतल्या अरसूर गावी ओळखला गेला.

आजारी शेळीच्या नाकातला बोळा प्रयोगशाळेत पोचतो, आणि तिथं एक चमत्कारिक गोष्ट घडते. श्वासाच्या या आजाराचा विषाणू फुप्फुसात नाही, मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला जातो. तेही शेळीच्या नव्हे, माकडाच्या. 1962 मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिता यांनी आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काही पेशी वेगळ्या काढल्या. त्या पेशी थांबल्याच नाहीत. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत व्हेरो या नावानं त्याच वाढताहेत. माकड केव्हाच गेलं, त्याच्या पेशी साठ वर्षांहून अधिक काळ विषाणूंचा पाहुणचार करताहेत. पोलिओच्या लशीपासून कोविडपर्यंत कितीतरी कामं त्यांच्यावर झाली. 2020 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं कोविडचा विषाणू वेगळा केला, तोही व्हेरो पेशींतच.

चपट्या बाटलीच्या तळाला या पेशींचा एकच थर पसरतो, फरशी घातल्यासारखा. वर गुलाबी द्रव. पेशी जोमानं वाढल्या की तो आम्लधर्मी होत पिवळा पडतो. बोळ्यातला स्राव गाळून या थरावर सोडायचा, तासभर चिकटू द्यायचा आणि बाटली 37 अंशांवर ठेवायची. मग रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिल्या खेपेला बहुधा काहीच दिसत नाही. फरशी जशीच्या तशी. तरी बाटली गोठवून, वितळवून तिच्यातला द्रव नव्या पेशींवर घालतात, डोळे झाकून. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुठंतरी पेशी गोल होतात, फुगतात, शेजारच्या पेशींत मिसळून एकच मोठा, अनेक केंद्रकांचा गोळा होतो. मग तळाची पकड सुटते आणि थराला भोकं पडतात. प्रयोगशाळेतल्या माणसाला या पडझडीचा आनंद होतो. बाहेरच्या माणसाला तो कळायचा नाही.

पण त्या बाटलीत खोकला नसतो. ताप नाही, भूक मेलेली नाही, आईला न ओळखणारं करडू नाही. विषाणू खऱ्या शेळीत शिरतो तेव्हा आधी तिच्या संरक्षक पेशींवरची एक विशिष्ट खुंटी पकडतो. तिला लटकूनच तो आत जातो. माकडाच्या या पेशींवर ती खुंटी नाही, म्हणून रानातला ताजा विषाणू तिथं रेंगाळतो. शास्त्रज्ञांनी मग माकडाच्या मूत्रपिंडाच्याच दुसऱ्या एका पेशीवंशात शेळीचं ते जनुक घातलं. विषाणू तिथं भराभर वाढू लागला. एका विषाणूला घरचं वाटावं म्हणून माणसानं इतका खटाटोप करावा, हे वाचून मला हसू आलं होतं. पण रोगाचं निदान आणि लस, दोन्ही बाटलीत विषाणू वाढवण्याच्या अशाच खटाटोपातून आली.

लशीची गोष्ट तर त्याहून संथ आहे. हिमाचलातल्या सुंगरी गावच्या शेळीतून 1996 साली मिळालेला विषाणू मुक्तेश्वरला, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या डोंगरावरच्या केंद्रात, व्हेरो पेशींवर वाढवत नेला. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं साठेक वेळा. बाटलीत शेळीची प्रतिकारशक्ती नाही, लपायचं कारण नाही, खायला आयतं. घरजावयासारखा विषाणू तिथं सुस्तावतो. म्हणजे नेमकं काय होतं? वाढताना त्याच्या जनुकांत चुका होत राहतात. त्यांतल्या ज्या चुका बाटलीत पटकन वाढायला सोयीच्या, त्या टिकतात, आणि शेळीला आजारी पाडायला लागणारे गुण गळत जातात. रोग करायची ताकद गेली, पण शेळीच्या शरीरानं ओळखावा असा चेहरा तेवढा राहिला. तीच आजची लस. सुरुवातीला कोणती चूक नेमकी कामाची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. एकेक बाटली बघत राहायचं, एवढंच.

याच मुक्तेश्वरला 1920 च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं गुरांच्या बुळकांडीचा विषाणू असाच सौम्य केला होता. पण तेव्हा बाटल्या नव्हत्या. विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत टोचत नेला. बैल वाचावेत म्हणून शेळ्यांची रांग लागली, आणि कित्येक वर्षं लशीचा कच्चा माल म्हणजे आजारी शेळीचे अवयव. पुढं केनियात मुगुगा इथं वॉल्टर प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर नव्वदेक पिढ्या वाढवून बुळकांडीची लस केली, तेव्हा त्या रांगेची गरज संपली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण 1995 चा. 2011 मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेनं 2019 साली आपल्याकडचे बुळकांडीचे साठवलेले विषाणू, त्यांची जनुकं आधी वाचून ठेवून, नष्ट केले.

म्हणून बाटलीनं जनावराला सोडवलं असं म्हणावं, तर त्यातही घाई होते. पेशींना पोसणाऱ्या त्या गुलाबी द्रवात न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. रांग लहान झाली, नाहीशी नाही झाली. पर्याय शोधले जाताहेत, काही वापरातही आहेत. पण हे लक्षात ठेवल्याशिवाय या कामाचं कौतुक करणं मला जमत नाही.

पीपीआर 2030 पर्यंत जगातून घालवायचा, असं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी ठरवलं आहे. लस चांगली आहे. एकदा टोचली की शेळी निदान तीन वर्षं सुरक्षित. पण बुळकांडीची लस टोचलेला बैल दहा-बारा वर्षं दावणीला राहायचा, शेळी तशी राहत नाही. बोकड ईदच्या आधी विकले जातात, घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की एखादी शेळी बाजारात जाते, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या गावची, टोचलेली की न टोचलेली ते कुणालाच ठाऊक नसलेली जनावरं येतात. वर्षभरात कळप तोच दिसतो, पण त्यातली बरीच जनावरं नवी असतात. लस मिळालेली शेळी गेली की तिच्याबरोबर कळपाचं तेवढं संरक्षणही गेलं.

करडांचं गणित आणखी अवघड. टोचलेल्या आईच्या पहिल्या चिकातून त्यांना संरक्षण मिळतं, पण तेच संरक्षण लशीतल्या सौम्य विषाणूलाही मारून टाकतं. म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. आईचं देणं ओसरत असतं आणि लशीचं अजून आलेलं नसतं, असे काही आठवडे प्रत्येक करडाच्या वाट्याला येतात. बाजारातून आणलेली शेळी त्याच आठवड्यांत त्याच्या शेजारी बांधली, तर मुक्तेश्वरच्या साठ बाटल्यांचा त्या करडाला उपयोग नाही. नवं जनावर तीनेक आठवडे वेगळं बांधायला गोठ्याच्या मागची एक दावण पुरते.