विद्यापीठाने सत्कार कुणाचा करावा?

वर्धापनदिन जवळ आला की विद्यापीठांत सत्कारमूर्तींची यादी तयार होऊ लागते. एखादा उद्योजक, एखादा सनदी अधिकारी, एक-दोन देणगीदार, जमल्यास परदेशात नाव काढलेला कुणी माजी विद्यार्थी. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि मानपत्र. मानपत्राचे वाचन चालू असते तेव्हा मागच्या रांगांत खुर्च्या भराव्यात म्हणून आणून बसवलेली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले मोबाइलमध्ये डोके घालून असतात. सत्कारमूर्ती ‘मी जो काही आहे तो या विद्यापीठामुळे’ असे सांगून खाली बसतात. समारंभ देखणा होतो. या माणसाने विद्यापीठासाठी काय केले, एवढेच विचारायचे राहून जाते.

‘विद्यापीठाचे नाव मोठे केले’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपल्या क्षेत्रात नाव काढणे ही त्याची कर्तबगारी झाली, आणि तिची दखल घ्यायला सरकार, साहित्यसंस्था, वर्तमानपत्रे समर्थ आहेत. करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या विद्यापीठाने आपल्या मानाचे पान राखून ठेवावे ते आपली सेवा करणाऱ्यासाठी. ही सेवा कशी असते हे आपल्याच इतिहासात पाहता येते.

सगळ्यांत सहज दिसते ती पैशाची सेवा. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरबाजाराच्या बादशहाने १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईच्या नावाने मनोरा उभा राहावा म्हणून आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि त्याबरोबर प्रेमचंदही. २८० फुटांचा राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ साली. देणगी देणारा श्रीमंत होता, मनोरा उभा राहिला तेव्हा त्याचे ते वैभव ओसरले होते. पण विद्यापीठाला दिलेला पैसा विद्यापीठापाशी राहिला. याच प्रेमचंदांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात ‘प्रेमचंद रायचंद’ विद्यावृत्ती सुरू झाली. ती पटकावणाऱ्या आशुतोष मुखर्जींनी पुढे कुलगुरू म्हणून त्या विद्यापीठाला नवे रूप दिले. मुंबईच्या व्यापाऱ्याचा पैसा बंगालमध्ये एका कुलगुरूच्या घडणीला लागला. देणगीदाराचा याहून मोठा सत्कार कोणता?

नागपूरला रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली मालमत्ता विज्ञानशिक्षणासाठी विद्यापीठाला दिली. तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि अलीकडे, २०२३ मध्ये, तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. अशा देणग्यांना सत्काराची फारशी गरज नसते. दिलेला पैसा ठरल्या कामालाच लागतो आहे ना, एवढे विद्यापीठाने पाहिले तरी दाता पावला. ज्या विद्यापीठात देणगीदाराच्या नावाची पाटी चकचकीत असते आणि पाटीमागच्या ग्रंथालयात नवी नियतकालिके येत नाहीत, तिथे देणगीदाराचा रोज अपमान होत असतो.

दुसरी सेवा वेळेची. तिचा बोभाटा होत नाही. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रानडे कुलगुरू झाले नाहीत. त्यांनी जे केले ते सिनेटच्या बैठकांत केले. उच्च परीक्षांतून हद्दपार झालेल्या देशी भाषांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षे ठराव, टिपणे, समित्या यांत झिजले. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम.ए.च्या परीक्षेत स्थान मिळाले, तेव्हा रानडे आयुष्याच्या अखेरीला पोचले होते. आज मराठीत एम.ए. करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? समितीत बसून केलेल्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून ते स्मरणातूनही निघून जाते.

पैसा आणि वेळ यांचे नाते पाहायचे तर महिला विद्यापीठाकडे पाहावे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली ते सुरू केले तेव्हा त्यांच्या पाठीशी कुणी गिरणीमालक नव्हता. चार-आठ आण्यांच्या वर्गण्या गोळा करण्याची जन्माची सवय तेवढी होती. जपानमधले महिला विद्यापीठ पाहून आलेल्या विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली पंधरा लाख देऊ केले आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले. पण गोष्ट तिथे संपली नाही. विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी यांनी पुढे आयुष्यातली कितीतरी वर्षे या विद्यापीठाला दिली आणि त्याचे कुलगुरूपदही सांभाळले. ठाकरसींच्या घरातून पैसा आला तसा माणूसही आला, म्हणून ती देणगी रुजली.

कर्वे स्वतः मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली झालेले. त्यांच्या मातृविद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली ती १९५७ मध्ये. मधल्या काळात या माजी विद्यार्थ्याने एक अख्खे विद्यापीठ उभे केले होते आणि तो शंभरीला टेकला होता. बनारस हिंदू विद्यापीठाने त्यांचा गौरव १५ वर्षे आधी केला होता. घरच्याची ओळख घराला उशिरा पटते, याचे याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही.

तिसरी सेवा कुणालाच सेवा वाटत नाही, ती म्हणजे टीका. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनमधून १९१२ साली बी.ए. झाले. विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला त्यांनी १९२४ मध्ये सविस्तर लेखी उत्तर पाठवले. विद्यापीठ हे परीक्षा घेण्याचे यंत्र होऊन राहता कामा नये, अध्यापन आणि संशोधन यांची ताटातूट करू नये, हा त्यातला त्यांचा आग्रह आहे. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर बोलताना मागासवर्गीयांना सिनेटवर जागा हव्यात हेही त्यांनी ठणकावून सांगितले. ज्या विद्यापीठाने आपल्याला पदवी दिली त्याचे दोष दाखवणे हे त्यांना ऋण फेडण्यासारखेच वाटले असावे. आणि त्यांना सन्माननीय डॉक्टरेट कुणी दिली? आपल्या या माजी विद्यार्थ्याला कोलंबियाने १९५२ साली बोलावून दिली, उस्मानियाने पुढच्या वर्षी.

आज आपल्या सत्कारांच्या यादीत पहिल्या सेवेची माणसे असतात, दुसऱ्या सेवेची क्वचित, तिसऱ्या सेवेची नसतातच. निकाल लांबले म्हणून माहिती अधिकारात अर्ज करणारा माजी विद्यार्थी प्रशासनाला उपद्रवी वाटतो. निवृत्तीनंतर विनामोबदला संशोधकांचे प्रबंध तपासून देणारे प्राध्यापक आणि हस्तलिखितांची सूची करत डोळे घालवणारे ग्रंथपाल कुणाला आठवत नाहीत. विद्यापीठे पैशाच्या तंगीत आहेत, रिकाम्या जागा कंत्राटी प्राध्यापकांवर भागवत आहेत, तेव्हा देणगीदार लागणारच. पण सत्कार हा पुढच्या देणगीचा आगाऊ हप्ता झाला, तर त्यात गौरव उरत नाही. दर वर्षी एक तरी सत्कार पैसा न देता विद्यापीठाला काही देणाऱ्याचा, आणि एक विद्यापीठाला खडे बोल ऐकवणाऱ्याचा व्हायला हवा.

हे सगळे प्रशासनावर ढकलून आपण पदवीधरांनी मोकळे होऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. त्यांपैकी ५ जागा राखीव आहेत. म्हणजे रानडे जिथे भांडले त्या सभागृहाचे दार आपल्यासाठी आजही उघडे आहे. पण लाखो पदवीधरांपैकी मतदार म्हणून नाव नोंदवणारे मूठभर, आणि त्यातले मतदान करणारे त्याहून कमी. माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात फेटा बांधून फोटो काढणाऱ्यांनी स्वतःला विचारावे, आपले नाव त्या यादीत आहे का? नसेल तर पदवी प्रमाणपत्राची प्रत काढा आणि नोंदणी सुरू होताच अर्ज भरा.